घरच्या व्होटिव्ह मेणबत्त्यांना गुळगुळीतपणा काही केल्या येईना

आळशी_कारागीर

मंडळी, हौसेपोटी व्होटिव्ह मेणबत्त्या करायला घेतल्यात. म्हणजे साच्यातून काढून नंतर काचेच्या छोट्या पेल्यात ठेवून लावायच्या, त्या बुटक्या. सामान असं: ॲल्युमिनियमचे खाली निमुळते होत जाणारे साचे, मध्ये उभी राहणारी पिन (ती काढली की वातीसाठी भोक राहतं), पॅराफिन, थोडं सुगंधी तेल. मेण डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून) वितळवतो, ७० अंश सेल्सिअसला ओततो, गार झालं की साचा उलटा करून काढतो. जळतात झकास. तक्रार फक्त रूपाची.

खालच्या अर्ध्या भागावर आडव्या रेघा उमटतात. अंगभर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. आणि वरच्या बाजूला पिनेभोवती खळगा, कधी कधी चांगला बोटाचं टोक जाईल एवढा. विकतच्या मेणबत्त्या कशा आरशासारख्या असतात! त्या नंतर पॉलिश करतात का? हीट गन घ्यावी म्हणतोय. कोणाला अनुभव?

साचेबंद

हीट गन घेऊ नका. निदान एवढ्यासाठी तरी नको.

मेणबत्तीचा पृष्ठभाग साच्यातच ठरतो. मेण धातूला पहिल्यांदा टेकतं त्या क्षणी जे होतं, तेच तुम्हाला बाहेर काढल्यावर दिसतं. नंतर कितीही घासा, वरवरची चकाकी येईल, रेघा राहतीलच. विकतच्या मेणबत्त्याही बहुतेक साच्यातूनच तशा निघतात.

आता तुमच्या रेघा. थंड धातूवर मेण पडतं, कडेला लगेच थिजतं. तेवढ्यात वरून आणखी मेण येतं, पातळी किंचित चढते, तिथे पुन्हा थिजतं. प्रत्येक टप्प्याची एक रेघ. व्होटिव्हच्या बाबतीत हे जास्त जाणवतं, कारण मेण जेमतेम ६०-७० ग्रॅम आणि त्याच्या मानाने धातूचा पृष्ठभाग मोठा. जाड पिलर मेणबत्तीत आतली उष्णता कडेला थिजलेला थर थोडा तरी सैल करते. इथे तेवढा उष्णतेचा साठाच नसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करायचे. मेण ८० ते ८५ अंशांना ओता. आणि साचे आधी गरम करा. ओव्हन अगदी मंद ठेवून त्यात, किंवा हेअर ड्रायर फिरवून, कसेही. हाताला चांगले गरम लागले पाहिजेत पण धरता आले पाहिजेत, साधारण ५० अंशांच्या आसपास. साचे उघड्या गार ओट्यावर ठेवू नका. खाली पुठ्ठा किंवा जाड कापड असू द्या. तुमच्या रेघा फक्त खालच्या अर्ध्यात आहेत याचं कारण बहुधा तो ओटाच असेल.

ओततानाही धार मध्ये थांबवायची नाही. एका दमात, पण सावकाश, कडेला किंचित तिरकी.

उंटावरचा_शहाणा

एक बाळबोध शंका. व्होटिव्ह पेल्यात ठेवून लावली की थोड्या वेळात तिचा पार रस्सा होतो ना? मग ती बाहेरून आरशासारखी असली काय नि खडबडीत असली काय, काय फरक पडतो? 😀

साचेबंद

@उंटावरचा_शहाणा, जळण्यापुरतं बोलायचं तर रेघांनी काहीच बिघडत नाही. छिद्रांचं आणि खळग्याचं मात्र तसं नाही. वर खळगा दिसतो तेव्हा त्याच्या खाली बऱ्याचदा पोकळीही असते. ज्योत तिथवर पोचली की वितळलेलं मेण भसकन आत उतरतं आणि वात उघडी पडते. आणि छिद्रं पाण्यामुळे आली असतील तर मेणबत्ती तडतडते. त्यामुळे हा निव्वळ नटण्यामुरडण्याचा प्रश्न नाही.

मंदज्योत

साचेबंद यांच्याशी सहमत. छिद्रांबद्दल माझी भर.

छिद्रं म्हणजे जवळजवळ नेहमी अडकलेली हवा. ती येते कुठून? एक, रंग-सुगंध घातल्यावर आपण जे घुसळतो त्यातून. चमचा भांड्याच्या तळाशी ठेवून हळू गोल फिरवायचा, पृष्ठभाग फुटू द्यायचा नाही. फेटायचं नाही! दोन, उंचावरून ओतल्यामुळे. भांड्याची चोच साच्याच्या तोंडाजवळ न्या. तीन, साच्याला मारलेला सिलिकॉन स्प्रे. लोकांना वाटतं जास्त मारला की मेणबत्ती सुळकन निघेल. प्रत्यक्षात त्याचे थेंब जमतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी मेणात एक खड्डा पडतो. स्प्रे मारलाच तर कोरड्या मऊ फडक्याने आतून पुसून घ्या. जो दिसत नाही तेवढाच पुरतो. नवा, ओरखडे नसलेला साचा असेल तर मी मारतच नाही.

ओतून झाल्यावर मिनिटभराने साच्याला बाहेरून लाकडी चमच्याने हलकेच टिचक्या मारा, चहूबाजूंनी. बुडबुडे वर येताना दिसतील. कडेला साय धरायच्या आत हे उरकायचं, नंतर केलं तर उलट सुरकुती पडते.

आणि हो, साचा धुतला असेल तर हाडासारखा कोरडा करूनच वापरा. डबल बॉयलरची वाफ मेणाच्या भांड्यात शिरते, तिकडेही लक्ष असू द्या. ओतायला उचलण्याआधी भांड्याचा बाहेरचा तळ पुसायचा. तिथलं पाणी थेट साच्यात टपकतं.

वातकुक्कुट

एवढं सगळं करण्यापेक्षा सोपं सांगू? ओतल्यावर साचा अर्ध्या तासाने सरळ फ्रीझरमध्ये. सुळकन निघते आणि चकाकतेही. मी कायम असंच करतो.

मंदज्योत

@वातकुक्कुट, आणि तडे?

वातकुक्कुट

कधीमधी पडतात, नाही म्हणत नाही. 🙂

ऊर्ध्वपातन

फ्रीझरचं थोडं उलगडून सांगतो, कारण दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे.

मेण उष्णतेचं फार मंद वाहक. साचा बाहेरून गारठला तरी गाभा बराच वेळ ऊनच राहतो. बाहेरचं कवच झपाट्याने आकसू पाहतं आणि आतला गरम गाभा त्याला आकसू देत नाही. मग कवच तडकतं. ते पांढरे, केसासारखे तडे असतात, कधी कधी पृष्ठभागाच्या किंचित आत, त्यामुळे हाताला लागतही नाहीत. अर्ध्या तासात गाभा निवलेला नसतो, म्हणून वातकुक्कुट यांना कधी तडे मिळतात नि कधी नाही.

पण मेणबत्ती पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आली असेल आणि तरीही हट्टाने चिकटून बसली असेल, तर ५ ते १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवणं अगदी योग्य आहे. गारव्याने मेण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, त्यामुळे ते भिंत सोडतं. त्या वेळी गाभा आणि कवच सारख्याच तापमानाचे असल्याने धोका कमी.

आता खळग्याचं. द्रवाचं घन होताना पॅराफिनचं घनफळ साधारण १० ते १५ टक्के घटतं. आणि ही घट एकदाच होत नाही. गोठताना एकदा होते, आणि गोठल्यावर आणखी काही अंश खाली गेल्यावर स्फटिकांची रचना बदलते तेव्हा पुन्हा होते. म्हणूनच वरून घट्ट झालेलं मेण तासाभराने पाहावं तर आणखी खचलेलं असतं. कडा आधी गोठतात, मधला भाग शेवटी. तेव्हा सगळी तूट मध्यभागी, वातीपाशी जमा होते. हा तुमचा दोष नाही, पॅराफिनचा स्वभावच तसा. त्यावर दुसऱ्यांदा ओतण्यावाचून इलाज नाही.

आळशी_कारागीर

बाप रे, एवढे सविस्तर प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. हीट गन रद्द. साचे गरम करून, ८३ अंशांना ओतून बघतो आणि कळवतो.

दुपारचा_छंद

हे सगळं पॅराफिनचं चाललंय. मी सोया मेण वापरते. ओतलेल्या दिवशी देखणी निघते आणि काही दिवसांनी अंगावर पांढरट बुरशीसारखे डाग. बुरशी नाही हे माहीत आहे, पण घालवायचे कसे?

ऊर्ध्वपातन

ताई, त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात. सोया मेण म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. अशी वनस्पतिजन्य स्निग्ध द्रव्यं एकाहून अधिक स्फटिकरूपांत गोठतात, आणि आधी बनलेलं कमी स्थिर रूप हळूहळू जास्त स्थिर रूपात बदलत जातं. ते पांढरे डाग म्हणजे हे नवे स्फटिक. तापमान वर-खाली होत राहिलं की वेग वाढतो. पूर्ण थांबवता येत नाही, लपवता येतं. गडद रंगावर ते उठून दिसतात, म्हणून रंग घालूच नका किंवा अगदी फिका घाला. थोडं पॅराफिन मिसळलं तरी बराच फरक पडतो.

शिवाय तुमचं सोया मेण कुठल्या कामाचं आहे ते पाहा. काचेच्या भांड्यात थेट ओतण्यासाठीचं मऊ मेण साच्यातून नीट निघतच नाही, काढताना कडा चेपतात. पिलर किंवा व्होटिव्हसाठीचं वेगळं, कडक मिश्रण मिळतं.

दुपारचा_छंद

अच्छा! कडा चेपतात त्याचंही उत्तर मिळालं, न विचारता. धन्यवाद.

मंदज्योत

अवांतर: मधमाशीच्या मेणावरही काही आठवड्यांनी पांढुरकी झाक येते, पण ती वेगळी. मऊ फडक्याने पुसली किंवा हेअर ड्रायरची ऊब दाखवली की जाते. काहींना तर तीच आवडते. मात्र हे मेण धातूच्या साच्याला फार चिकटतं, त्याला सिलिकॉनचाच साचा बरा.

आळशी_कारागीर

अहवाल सादर. रेघा गेल्या! म्हणजे जवळजवळ गेल्या, एका साच्यात तळाशी एकच अंधूक रेघ आहे. छिद्रं तर नाहीतच. पण आता दोन नव्या भानगडी. खळगा भरायला दुसऱ्यांदा ओतलं तर वरच्या कडेला एक गळपट्ट्यासारखं कडं तयार झालं, आणि मेणबत्ती साच्यातून निघायलाही तयार नव्हती. शिवाय अंगभर चांदण्यांसारखी पांढरी नक्षी आली आहे. नक्षी दिसते छान, पण मला नकोय.

साचेबंद

कडं का आलं सांगतो. पहिलं मेण गोठताना साच्याच्या भिंतीपासून केसभर सुटलेलं असतं. दुसऱ्या वेळचं मेण पहिल्या पातळीच्या वर गेलं की ते त्या फटीत उतरतं. बाहेरून पातळ पापुद्रा चढतो आणि मेणबत्ती साच्यात जाम होते.

म्हणून पहिल्या वेळी साचा जवळपास काठोकाठ भरा. वर चांगली साय धरली पण आत अजून ऊब आहे, अशा वेळी पिनेच्या आजूबाजूला सळईने दोन-तीन छिद्रं पाडा, म्हणजे आतल्या पोकळीला तोंड मिळेल. सळई तळापर्यंत नेऊ नका. मग पहिल्यापेक्षा साधारण ५ अंश जास्त गरम मेण घेऊन खळगा भरा आणि पहिल्या पातळीच्या किंचित खाली थांबा. किंचित गरम अशासाठी की जुना पृष्ठभाग थोडा वितळून दोन्ही थर एकजीव व्हावेत. गार मेण ओतलं तर वर वेगळी चकती बसते आणि पुढे ती निघूनही येते.

व्होटिव्हच्या बहुतेक साच्यांत ओतायची रुंद बाजू हीच मेणबत्तीची वरची बाजू. पिलरमध्ये ती तळाला जाऊन लपते, इथे ती तोंडावर आहे. तेव्हा दुसरं ओतणं हेच खरं कौशल्याचं काम समजा.

वातकुक्कुट

इथे मात्र माझं वेगळं मत. पातळीच्या खाली थांबलं की कडेला बारीकशी पायरी राहते, ती मला खटकते. मी पहिल्यांदा साचा तीन-चार मिलिमीटर रिकामा ठेवतो, आणि कडा अजून भिंतीला चिकटून असतानाच, म्हणजे बऱ्यापैकी लवकर, दुसरं मेण थेट काठापर्यंत ओततो. फट पडायच्या आत ओतलं तर मेण उतरणार कुठे? वरची कड अगदी सपाट निघते.

साचेबंद

तत्त्व मान्य, पण लवकर ओतलं तर आकसणं अजून संपलेलं नसतं. पुन्हा खळगा पडणार.

वातकुक्कुट

पडतो, उथळ. त्याच्यावर हीट गनचा एक झोत. 😀

साचेबंद

म्हणजे शेवटी हीट गन आलीच! बरं, वरच्या सपाट तोंडापुरती ती मलाही चालते. बाजूंना लावली तर ओघळ येतात. ज्याला हीट गन वापरायची नाही त्याने खाली थांबावं आणि पायरी गरम चमच्याच्या पाठीने मोडावी.

ऊर्ध्वपातन

चांदण्यांच्या नक्षीबद्दल. सुगंधी तेल मेणात धरून ठेवायला काही नसेल तर गोठताना ते स्फटिकांच्या मधल्या जागांत ढकललं जातं, त्यामुळे ती नक्षी उमटते. सावकाश गार झालं की जास्त. तुम्ही साचे गरम केलेत, गार होणं मंदावलं, म्हणून आता दिसायला लागली.

घालवायचे मार्ग दोन. स्टिअरिक ॲसिड (चरबी-तेलापासून मिळणारं मेणासारखं घन आम्ल) वजनाच्या ५ ते १० टक्के, किंवा व्हायबार नावाचं पॉलिमर अर्धा ते एक टक्का. दोन्ही एकत्र नको. दोघांचं काम एकच आहे. स्टिअरिकने मेण कडक, दुधी आणि अपारदर्शक होतं, साच्यातून सुटायलाही मदत होते. व्हायबार तेल जास्त चांगलं धरतं, पण प्रमाण वाढलं तर वास आतच कोंडला जातो. दोन्ही पूर्ण विरघळले पाहिजेत. स्टिअरिक ७० अंशांच्या आसपास वितळतं आणि व्हायबारच्या नेहमीच्या कडक प्रकारालाही साधारण तेवढंच तापमान लागतं, म्हणजे तुमच्या जुन्या ७० अंशांवर ते नीट मिसळलंच नसतं.

आणि तेल किती टाकता? व्हायबारशिवाय साध्या पॅराफिनला ३ टक्क्यांच्या वर सहसा पेलत नाही. जास्त झालं तर मेणबत्ती घामेजते, हाताला तेलकट लागते, आणि तुम्ही म्हणता तो आरसा कधीच येत नाही.

(अवांतर: स्टिअरिक ॲसिडच्या मेणबत्त्यांचं पेटंट शेव्रल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ साली घेतलं होतं. तेव्हा आपली चर्चा दोनशे वर्षं जुनी आहे.)

आळशी_कारागीर

तेल अंदाजाने, बाटलीतून थेट... यापुढे वजन करून.

८५ अंशांपर्यंत जायला डबल बॉयलरवर फार वेळ लागतो. भांडं थेट गॅसवर ठेवलं तर चालेल का, बारीक आचेवर?

मंदज्योत

अजिबात नाही. मेण उकळत नाही, वाफाळून इशारा देत नाही, गप्प तापत राहतं आणि तळाशी तापमान कुठच्या कुठे जातं. पॅराफिनची वाफ साधारण २०० अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते, आणि मेण पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नसतं. ओतलंत तर जळतं मेण चहूकडे उडतं. आच बंद करून वर घट्ट झाकण ठेवायचं. डबल बॉयलरला वेळ लागतो तेवढा लागू द्या, मेणाचे तुकडे बारीक करून टाका. पाणी आटतंय का ते बघत राहा. आणि भांड्यापासून हलायचं नाही.

सुगंधी तेल मात्र आच बंद केल्यावर, ओतण्याच्या अगदी आधी घाला. पण ते मिसळायला दोन मिनिटं तरी द्या.

उंटावरचा_शहाणा

इतकं वाचून मलाच करून बघावंसं वाटायला लागलंय. वाखूसा (वाचनखूण साठवली). पण बनलेल्या मेणबत्तीवर नंतर करायचं काहीच नसतं का? आमच्या ओळखीत एकजण जुन्या नायलॉनच्या लांब मोज्याने पुसतात म्हणे.

साचेबंद

मोजा उत्तम! जुनी आणि खरी युक्ती. बोटांचे ठसे, साच्याच्या सांध्याची बारीक रेघ, किरकोळ ओरखडे याने जातात. सांध्याची रेघ जाड असेल तर आधी सुरीच्या बोथट बाजूने हलकी खरवडा, मग मोजा. मेणबत्ती निवल्यावर काही तास थांबून मग घासा. ताज्या मऊ मेणावर मोज्याची जाळीच उमटते. तळ वाकडा असेल तर कोमट तव्यावर क्षणभर टेकवून सपाट करून घ्या, वात घालायच्या आधी.

गरम पाण्यात बुडवून चकाकी आणणारेही आहेत. व्होटिव्हला मला ते रुचत नाही. वातीच्या भोकात पाणी राहिलं की तडतड सुरू.

दुपारचा_छंद

आणि पॉलिश म्हणून वरून तेलाचा हात फिरवलेला चालतो का? कुठेतरी वाचलं होतं.

मंदज्योत

चालतो, पण धूळ धरते. ज्या दिवशी भेट द्यायची त्या दिवशी फिरवा, फडक्यावर एक थेंब. आधी नको.

आळशी_कारागीर

ताजा अहवाल: स्टिअरिक घातलं, तेल मोजून घातलं, साचे गरम, मेण ८४, दुसऱ्यांदा पातळीच्या खाली थांबलो (क्षमस्व वातकुक्कुट!). नक्षी गेली, कडं गेलं, रंग दुधी आला. पायरी राहते, पण चमच्याने मोडली. घरचे विचारत होते कुठून आणल्या.

शेवटची अडचण: साच्यांत आतून मेणाचा पातळ थर राहतोय. सुरीने खरवडू?

वातकुक्कुट

माफ केलं. 🙂 पुढच्या वेळी एक तरी साचा माझ्या पद्धतीने करून बघा, मग बोलू.

साचेबंद

सुरी आत घालू नका! एकदा ओरखडा पडला की तो प्रत्येक मेणबत्तीवर छापला जाणार. ट्रेवर फॉइल आणि त्यावर जुने कागद पसरा, साचे पालथे घाला, ओव्हन ८० अंशांच्या आसपास ठेवून दहा मिनिटं. मेण ओघळून जातं, मग ऊन असतानाच मऊ कागदाने आतून पुसा. ओव्हन चालू असताना तिथेच थांबा. साचे सिंकमध्ये गरम पाण्याने धुऊ नका, मेण पुढे नळीत जाऊन गोठतं.

उंटावरचा_शहाणा

आणि बिघडलेल्या मेणबत्त्या पुन्हा वितळवता येतात ना? सुरुवात मी त्यांच्यानेच करणार असं दिसतंय.

मंदज्योत

खुशाल वितळवा, वाती-काजळी गाळून घ्या. फक्त एक: तेल त्यात आधीच आहे, ते हिशोबात धरा, नवीन टाकताना तेवढं कमी. आणि भांड्याच्या तळाशी शेवटचा चमचाभर राहतो तो साच्यात ओतू नका. पाणी शिरलं असेल तर ते मेणापेक्षा जड, तिथेच बसलेलं असतं.